नांदता गड पन्हाळा

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता वाघबिळापाशी आला म्हणजे एक वाट जोतिबाच्या डोंगराकडे चढू लागते आणि दुसरी पन्हाळ्याकडे; आणि शनिवारी सकाळी या वळणावर घटकाभर उभे राहिले, तर पुण्या-मुंबईच्या आणि सांगली-बेळगावच्या गाड्यांची जी रांग पन्हाळ्याच्या वाटेला लागलेली दिसते, तिच्यावरून या गडाच्या लोकप्रियतेविषयी शंका उरत नाही. कोल्हापुरापासून अंतर अवघे वीस किलोमीटरांचे, रस्ता थेट माथ्यापर्यंत डांबरी, वर हवा थंड आणि उतरण्यास जागा मुबलक. त्यामुळे आठवड्याच्या अखेरच्या विसाव्यासाठी इतके सोयीचे आणि त्याच वेळी इतक्या मोठ्या इतिहासाचे गिरिस्थान दक्षिण महाराष्ट्रात दुसरे नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. परंतु ही सोयच पन्हाळ्याच्या दर्शनाला बाधक ठरली आहे. सकाळी यावे, तीन दरवाजाच्या कमानीखाली छायाचित्रे काढावीत, झाडाखाली बसून झुणका-भाकर आणि दही खावे आणि उन्हे कलण्यापूर्वी जोतिबाला निघावे, असा जो क्रम पडून गेला आहे, त्यात गडाच्या वास्तू दिसतात. गड दिसायचा राहून जातो.

तो दिसावा यासाठी पन्हाळ्यावर एक रात्र तरी काढली पाहिजे. सह्याद्रीतील बहुतेक गडांवर सूर्य मावळला की वारा आणि पडके चौथरे यांखेरीज काही उरत नाही. पन्हाळ्यावर मात्र त्या वेळी घराघरांत दिवे लागतात, देवळात आरती होते, दुकानदार फळ्या लावून दिवसाचा हिशेब करतात आणि पोरे अभ्यासाला बसतात. येथे तालुक्याची कचेरी आहे, नगरपरिषद आहे, शाळा आणि वसतिगृहे आहेत; देवळे आहेत, तशी साधोबाचा दर्गा आणि त्याच्या शेजारचा तलावही आहे. ज्या माथ्यावर आठ शतके माणसे सलग नांदत आली, त्याचा इतिहास केवळ लढायांच्या तिथींनी सांगता येत नाही. धान्य, पाणी, हिशेब आणि घरदार यांचाही तो इतिहास आहे, आणि माझ्या मते पन्हाळा पाहायचा तो याच दृष्टीने.

अमात्यांच्या समाधीपासून

म्हणून पन्हाळ्याचे दर्शन मी बुरुजांपासून आरंभिले नाही; रामचंद्रपंत अमात्यांच्या समाधीपासून आरंभिले. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत अमात्यपद भूषविलेला, संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज जिंजीस गेले असता 'हुकुमतपनाह' या किताबाने महाराष्ट्रातील राज्याची धुरा वाहणारा आणि पुढे ताराबाईंच्या व करवीरकर संभाजीराजांच्या कारकिर्दीपर्यंत राज्यसेवा करणारा हा थोर मुत्सद्दी याच गडावर चिरविश्रांती घेत आहे. शिवकाल त्याने प्रत्यक्ष पाहिला होता, औरंगजेबाच्या स्वारीचा वणवा अंगावर घेतला होता आणि या साऱ्या अनुभवाचे सार १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'त त्याने उतरविले. राज्यव्यवहारावरील मराठीतील या अपूर्व ग्रंथात दुर्गांचे प्रकरण सर्वांत समृद्ध आहे, आणि ते वाचून पन्हाळ्यावर आलेल्या माणसाला वाटाड्याची गरज पडू नये.

आज्ञापत्रातील दुर्गविचारात शौर्याचे वर्णन थोडे आणि व्यवस्थेची चिंता फार. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे. नसेल आणि तरीही ते स्थळ बांधणे अवश्य असेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एखादा झरा पुरेसा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजाच्या प्रसंगी तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी उणे होते. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. धान्याचे कोठार असे असावे की आग, उंदीर, कीड, मुंगी आणि वाळवी यांचा उपद्रव गल्ल्यास पोहोचणार नाही. गडावर आंबा, फणस, वड, पिंपळ लावून वाढवावेत. अशा रीतीने तो राजनीतिज्ञ एखाद्या दक्ष गृहस्थाप्रमाणे गडाचा संसार मांडत जातो. शिवकाळात गडाचा अधिकार हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यात वाटून दिलेला असे. किल्ल्या एकाच्या हाती, शिबंदी दुसऱ्याच्या, हजेरी व जमाखर्च तिसऱ्याकडे आणि कोठारातील जिन्नस चौथ्याकडे, अशी ती व्यवस्था होती. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये हा तिचा हेतू स्पष्ट होता, तसाच मुठीमुठीचा हिशेब लागावा हाही होता.

पाणी

तीन दरवाजापासून काही पावलांवर असलेली अंधारबाव ही आज्ञापत्रातील पहिल्या चिंतेचे जणू दगडी भाष्य आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक साधी कमानदार इमारत वाटते; आत शिरल्यावर मात्र नागमोडी पायऱ्या उतरत आपण एका तिमजली वास्तूच्या तळाशी जाऊ लागतो, उजेड पायरीपायरीने कमी होत जातो, भिंतींत पहारेकऱ्यांसाठी ठेवलेले कोनाडे हाताला लागतात आणि सर्वांत खाली पाणी येते. ही आदिलशाही काळातील रचना. पाण्यात विष कालवून किंवा ते तोडून गड हस्तगत करण्याचा मार्ग शत्रूला मोकळा राहू नये, म्हणून पाण्याचे मूळच इमारतीच्या पोटात दडवून ठेवले. वर राहण्याची सोय, मध्ये पहारा, खाली पाणी आणि तटाबाहेर पडण्यास वाट. बाह्य किल्ला पडला तरी काही काळ झुंजत राहता यावे, असा हा एक किल्ल्यातला किल्लाच आहे. तेथे उभे राहिल्यावर जो गारवा अंगाला लागतो तो सुखावह असतो, पण त्याहून मनात भरते ती बांधणाऱ्याची दूरदृष्टी.

येथे गडाच्या पूर्वेतिहासाकडे धावती नजर टाकली पाहिजे. शिलाहार वंशातील दुसऱ्या भोजाने ११७८ ते १२०९ या काळात हा गड बांधला, आणि ११९१-९२ मध्ये त्याची राजसभा येथे भरत असल्याचे एका ताम्रपटावरून समजते. यादव सिंघणाने भोजाचा पराभव केल्यावर गड यादवांकडे, पुढे बहमनींकडे आणि १४८९ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आज आपण ज्या तटबुरुजांना पन्हाळा म्हणून ओळखतो ते मुख्यतः आदिलशाहीने मजबूत केलेले. सात किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या तटाने साधारण त्रिकोणाकृती माथा वेढलेला आहे. तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे आणि त्याच दरवाजावर गणेशाची मूर्तीही कोरलेली आहे. एकामागून एक आलेल्या राजवटींनी एकमेकींचे सारेच पुसून टाकले नाही, काही राखले आणि त्यात आपली भर घातली. त्यामुळे या एका दरवाजाखाली दख्खनच्या कित्येक शतकांचा इतिहास एकत्र वाचता येतो.

धान्य

गडाच्या मध्यभागी, बालेकिल्ल्याच्या आवारात अंबरखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन नद्यांची नावे धारण करणाऱ्या या तीन कोठारांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. सुमारे ९५० चौरस मीटर जागा व्यापून ती १०.७ मीटर उंच उभी आहे. वीस मणांची एक खंडी, आणि येथे २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. वरी, नाचणी आणि भात ही डोंगराळ मुलुखाची धान्ये तीत साठवीत असत. दोन्ही अंगांनी बाहेरून दगडी जिने छतावर गेले आहेत; छतावर गेल्यावर पायाखाली ठराविक अंतरावर झरोके दिसतात, आणि हे झरोके धान्य ओतण्यासाठी ठेवले होते हे ध्यानात आले की साऱ्या इमारतीचा उलगडा होतो. बैलांच्या पाठीवरून आलेल्या गोण्या जिन्याने वर जात, धान्य झरोक्यांतून खाली सोळा खणांत पडे, आणि काढायचे ते खालून निघे. अशाने जुना गल्ला आधी हलविणे सोपे जाई.

आत गेल्यावर प्रथम भिंतींची जाडी नजरेत भरते. खणाखणावर घुमटी छत, त्याच्या मध्यावर झरोका, आणि त्यातून दुपारच्या सुमारास उन्हाची तिरीप जमिनीवर पडते तेव्हा चुन्याच्या गिलाव्यावरील बोटांच्या रुंदीचे जुने फराटे उमटून दिसतात; कोण्या गवंड्याने ते ओल्या चुन्यावर फिरविले असतील. त्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभा होतो. ज्याच्या नावे बखर नाही, ज्याचा पोवाडा कोणी रचला नाही, त्या कारागिराच्या हाताची खूण साम्राज्ये लयाला गेली तरी टिकून राहिली आहे. त्याच भिंतीवर खडूने आणि खिळ्याने स्वतःची व प्रियजनांची नावे कोरणारे आजचे हात पाहिले की मनाला क्लेश होतात.

वेढा

अंबरखाना पाहिल्यावर १६६० च्या वेढ्याची कथा निराळ्या प्रकाशात दिसू लागते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला आणि त्यानंतर अठराच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूर दरबाराने सिद्दी जौहरला मोठ्या फौजेनिशी रवाना केले; मार्चच्या आरंभी शिवाजीमहाराज गडावर आले आणि गडाला मोर्चे लागले. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तहाची अमर्यादा करून सिद्दीला तोफखाना पुरविला आणि आपले निशाण लावून गडावर मारा केला. पुढल्याच वर्षी राजापूरची वखार लुटून आणि तेथल्या इंग्रजांना कैदेत टाकून महाराजांनी त्याचा जाब घेतला. बाहेरून वेढा फोडण्याचा नेताजी पालकरांचा यत्न सफल झाला नाही. इकडे शाएस्ताखान पुण्यात उतरून चाकणला भिडला होता. पावसाळा आला तरी सिद्दी हटेना. अशा स्थितीत चार महिन्यांहून अधिक काळ गड टिकला, तो शिबंदीच्या छातीवर टिकला यात संशय नाही. पण त्या छातीला रोज दोन वेळा भाकर घालणारी कोठारे गडाच्या मध्यभागी उभी होती, हे पन्हाळ्यावर आल्यावाचून नीट उमगत नाही.

१२ जुलै १६६० ची रात्र मराठी मनाला पाठ आहे. राजदिंडीची ती अरुंद वाट अद्याप शाबूत आहे. पावसाळ्यात तिच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते, दोन्ही बाजूंनी रान दाटते, आणि भर दिवसादेखील जपून पाऊल टाकावे लागते. त्या वाटेने आषाढातल्या धो धो पावसात सुमारे सहाशे मावळ्यांनिशी महाराज उतरले. शत्रूला भुलविण्यासाठी दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला, पकडला गेला आणि प्राणास मुकला. गडाच्या पायथ्याचे नेबापूर हे गाव त्याचे. विशाळगडाच्या वाटेवर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी देह ठेवले आणि ती खिंड पावनखिंड झाली. आजही दरवर्षी आषाढात शेकडो तरुण पन्हाळ्यावरून मसाई पठारामार्गे पावनखिंडीपर्यंत चालत जातात. चिखल तुडवीत, ओले होत, ही वाट चालणाऱ्या मुलांना इतिहासाचा जो बोध होतो तो पाठ्यपुस्तकाला साध्य नाही.

महाराज सुखरूप गेले. गड मात्र काही महिन्यांत आदिलशहाला द्यावा लागला. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद याने अवघ्या साठ माणसांनिशी तो परत घेतला, आणि या विजयावर जयराम पिंडे या कवीने 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचले. पूर्वेकडच्या कड्यावर, खालच्या खोऱ्याकडे तोंड करून उभी असलेली सज्जा कोठी त्यानंतरच्या एका करुण प्रसंगाशी निगडित आहे. दिलेरखानाकडे गेलेले संभाजीराजे १६७९ च्या डिसेंबरात पन्हाळ्यावर परतले, आणि नव्या वर्षाच्या आरंभी याच गडावर पितापुत्रांची भेट झाली. पुढे ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनी रायगडावर देह ठेवला. त्यामुळे ती भेट अखेरची ठरली. सज्जाच्या गवाक्षातून संध्याकाळी खाली पाहताना मनात लढाईचा विचार येत नाही, एका बापाचा येतो.

राजधानी आणि गडकरी

पुढील अर्धशतकात या गडाने जे पाहिले ते अन्य कोणत्याही गावाला पुरून उरले असते. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब पन्हाळ्यासमोर तळ देऊन बसला होता, आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस याची त्याच्याशी भेट येथील छावणीतच झाली. गड मोगलांनी घेतला, पण काही महिन्यांतच रामचंद्रपंतांनी तो सोडवून आणला. शाहूमहाराजांशी वारसाचा तंटा जुंपल्यावर ताराबाईंनी पन्हाळ्यास राजधानी केली, आणि १७८२ मध्ये ती कोल्हापुरास हलविली जाईपर्यंत करवीर राज्याचा कारभार येथून चालला. ताराबाईंचा वाडा आजही उभा आहे, आणि तो रिकामा नाही. शाळा, वसतिगृह आणि कचेऱ्या यांचा वावर तेथे चालत आला आहे. महाकवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये या गडावरचा. संसाराला लागलेल्या राजधानीत शस्त्रांबरोबर शास्त्र आणि काव्य यांनाही घर असते, याची ही साक्ष आहे.

पण माझ्या मते गडावरील माणसांचा सर्वांत मोलाचा अध्याय १८४४ चा, आणि नेमका तोच प्रवाशांना कोणी सांगत नाही. गडकरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गडाची राखण करणारी आणि त्या चाकरीच्या मोबदल्यात जमिनी खाणारी माणसे. करवीरचा राजा अल्पवयीन असता इंग्रजांच्या देखरेखीखालील कारभाऱ्यांनी जी नवी व्यवस्था लावली, तिच्यात त्यांच्या जमिनींचा कारभार गडावरून काढून मामलेदाराच्या कचेरीकडे दिला गेला. चाकरी गेली तर जमीन जाणार, आणि जमीन गेली तर गड परका होणार, हे ओळखून गडकरी उठले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला पकडून त्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. इंग्रजी फौजेने तोफा लावून १ डिसेंबर १८४४ रोजी गड घेतला आणि तटबंदीची मोडतोड केली. पूर्वेचा चार दरवाजा त्या वेळी जमीनदोस्त झाला. आज मोटारी जेथून गडात शिरतात, जेथे बाजीप्रभूंचा पुतळा उभा आहे, ती जागा या दरवाजाची. म्हणजे प्रत्येक प्रवासी गडकऱ्यांच्या पराभवाच्या खुणेवरूनच आत येतो, आणि त्याला ते ठाऊक नसते.

आजचा गड

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठा लष्करी भूदृश्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगड आदी महाराष्ट्रातील अकरा किल्ले आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा दुर्गांच्या या मालिकेत पन्हाळ्याचे नाव आहे, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या मालिकेत पन्हाळ्याचा प्रश्न निराळा आहे, कारण येथे तटाच्या आत एक गाव राहते. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांपर्यंत नव्या बांधकामास कायद्याने मनाई आणि त्यापुढील २०० मीटरांत परवान्याखेरीज काही करता येत नाही; वास्तूंच्या रक्षणासाठी हा निर्बंध योग्यच आहे, पण जेथे घर आणि स्मारक एकमेकांना टेकून उभे आहेत तेथे गळक्या छपराची डागडुजी हादेखील अर्जविनंत्यांचा विषय होऊन बसतो. वारसा म्हणजे दगड आणि वस्ती म्हणजे अतिक्रमण, अशी समजूत कोठे रुजत असेल तर ती पन्हाळ्यापुरती तरी चुकीची आहे. भोजाच्या दरबारापासून गडकऱ्यांपर्यंत येथे माणसे होती म्हणून गड राहिला.

दुसरा प्रश्न येणाऱ्यांचा आहे. सुटीच्या दिवशी तीन दरवाजाच्या परिसरात गाड्यांना जागा उरत नाही, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तटाखाली टाकल्या जातात आणि पावसाळ्यात त्या ओघळांत अडकून बसतात. भाकरी थापणाऱ्या बायका पहाटे उठून पाणी आणि सरपण यांची बेगमी करतात, दिवसभर चुलीपुढे बसतात आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांनी भोवती टाकलेल्या पत्रावळी व कागद वेचून जागा झाडून जातात. हे दृश्य मी पाहिले आणि मला पुन्हा आज्ञापत्र आठवले. गडावरील रस्त्यांत, बाजारात किंवा तटाशी केरकचरा पडू देऊ नये. तो गडाखालीही टाकू नये. जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, असा दंडक अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे. प्लास्टिक जाळणे आज अनिष्ट होय. पण गड मलिन करू नये आणि त्याचा मळ खालच्यांच्या माथी मारू नये हे त्या दंडकाचे मर्म आजही तसेच लागू आहे.

तेव्हा पन्हाळ्यास जरूर जावे; पण जाताना शनिवारची दुपार, रात्र आणि रविवारची सकाळ एवढा वेळ तरी गाठीशी बांधून जावे. शक्य तर पावसाळा नुकता सरलेला असावा. गवत हिरवे असते आणि तळी भरलेली असतात. पहिल्या दिवशी अमात्यांची समाधी, अंधारबाव आणि अंबरखाना पाहावा, संध्याकाळी सज्जा कोठीवर बसावे. दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी उभी करून तटाच्या कडेने पायी फिरावे, राजदिंडी आणि पुसाटी बुरूज पाहावा, सोमेश्वराच्या तळ्याशी थांबावे आणि समोरच्या पावनगडाकडे नजर टाकावी. मुक्काम आणि जेवण गडावरच्या माणसांकडे करावे, त्यांच्याशी बोलावे, भिंतींवर नाव लिहू नये आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून खाली न्यावा. मराठ्यांचे बहुतेक गड आपण गमावल्यानंतर पूज्य मानले. पन्हाळा हा अजून नांदता असलेला गड आहे, आणि त्याचे रक्षण करायचे ते त्याच्या माणसांसकट केले पाहिजे.